आजचा वारा कोण सांगणार?

मे महिना निम्मा सरला की मराठवाड्यात पावसाशिवाय दुसरा विषय नसतो. अंदमानात आला का, केरळात कधी पोचणार, अरबी समुद्रात काही शिजतंय का, रोहिण्या बरसणार की कोरड्या जाणार. कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत हेच. पुढच्या चार महिन्यांचं भविष्य सगळ्यांना ऐकायचं असतं आणि सांगणारेही पुष्कळ असतात. आज दुपारी तीन वाजता वारा किती सुटेल आणि हवेत ओल किती राहील, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही.

उन्हाळ्याच्या या शेवटच्या टप्प्यात शेतकऱ्याच्या सगळ्यात कामाचा अंदाज तोच आहे, असं माझं म्हणणं आहे. कारण याच दिवसांत इथे कडब्याच्या गंजी जळतात, गोठे जळतात, शेतातल्या आखाड्यावरची अवजारं, पाइप, ठिबकच्या नळ्या जळतात, गायरानं आणि डोंगर काळे पडतात. बातमी दोन ओळींची येते: अमुक गावच्या शिवारात शॉर्टसर्किटने आग, लाखोंचं नुकसान, जीवितहानी नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. आग कुठे ना कुठे लागणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोणत्या दिवशी लागली तर ती आवरणार नाही, हे आधी सांगता येतं असं कोणाच्या डोक्यातच नाही.

आधी आपण ज्या अंदाजावर जीव टांगून बसतो त्याबद्दल बोलू. एप्रिलच्या मध्यावर हवामान विभाग देशाचा पहिला दीर्घकालीन अंदाज देतो, मेअखेर तो सुधारतो. १९७१ ते २०२० या काळाची देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर, आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस म्हणजे सर्वसाधारण. २०२३ साली एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितला, पडला ९४. शास्त्राच्या हिशेबाने अंदाज चांगलाच बसला. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट देशाच्या नोंदीतला १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला आणि ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात भोकरदन, अंबड, मंठा, वडवणी, धारूर, अंबाजोगाई, रेणापूर, लोहारा, वाशी. २०२५ साली १०५ टक्के सांगितला, १०८ पडला. तोही बरोबरच म्हणायचा. मराठवाड्यात त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सोयाबीन पाण्याखाली गेलं, परंडा-भूमकडे जमिनी खरवडून गेल्या. देशाची टक्केवारी बरोबर आणि आमचं शिवार बरबाद, हे एकाच वेळी खरं असू शकतं. यात हवामान विभागाची चूक नाही. तो आकडा धान्यसाठा, वीज, व्याजदर ठरवणाऱ्यांसाठी आहे. रेणापूरच्या शेतकऱ्याने त्यावर बियाण्याची पिशवी घ्यावी, असं त्यात काही नाही.

तरी घेतो. आणि फसला की चिडतो. जुलै २०१७ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात थेट हवामान विभागाविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरलं, पाऊस दडी मारून बसला, बियाणं-खतं मातीत गेली, आणि यांचं बी-बियाणं कंपन्यांशी साटंलोटं आहे असा आरोप. पुण्या-मुंबईत तेव्हा हसले असतील. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आरोप पोकळ होता, राग खरा होता. चार महिन्यांचा देशाचा अंदाज आणि आपल्या शिवारातली पुढच्या दहा दिवसांची हवा यांत अंतर किती, हे त्या लोकांना कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. ते काम कोणाचं होतं?

सेलू तालुक्यातल्या पंजाबराव डखांचे अंदाज गावोगाव मोबाइलवर फिरतात. त्यांच्या पद्धतीवर हवामानशास्त्रज्ञ नाकं मुरडतात, तो वाद मी इथे घेत नाही. पण लोक ऐकतात का, हे बघा. ते तारीख सांगतात, जिल्ह्याचं नाव घेतात, आणि काय करायचं ते सांगतात: हळद झाकून ठेवा, सोयाबीन काढून घ्या. त्यांची लोकसभेची उमेदवारी (२०२४, परभणी) बाजूला ठेवली तरी सरकारी यंत्रणेने त्यांच्याकडून एवढं उचलायला हरकत नाही, की अंदाज ऐकून माणसाने उठून करायचं काय तेही सांगावं लागतं.

आता वाऱ्याकडे येतो.

मराठवाडा पर्जन्यछायेत येतो हे शाळेत शिकवतात, पण ते जुलै-ऑगस्टबद्दल असतं. त्याच सह्याद्रीचा उन्हाळ्यातला कारभार पुस्तकात नाही. मेच्या उत्तरार्धात मॉन्सून सरकायला लागला की पश्चिमेकडून वाऱ्याचा जोर वाढतो. समुद्रावरची बरीचशी ओल कोकणात आणि घाटमाथ्यावर राहते, घाट उतरून पूर्वेला येणारा वारा तापत आणि कोरडा होत जातो. बीड-जालन्यापर्यंत पोचेस्तोवर त्यात फुफाटाच उरतो. म्हणजे आमच्याकडे वारा आधी येतो आणि पाऊस मागाहून. या दोहोंच्या मधले जे दिवस, कधी आठ तर कधी पंचवीस, तेच सगळ्यात घातकी.

त्यातही दिवसाचं गणित आहे. सकाळी नऊपर्यंत पान हलत नाही. ऊन चढतं, भेगाळलेली काळी जमीन तव्यासारखी तापते, खालची हवा वर उसळते आणि वरच्या थरातला वेगवान वारा खाली उतरतो. दुपारी दोन ते पाच हा त्याचा वेळ. वावटळी उठतात, पत्रे वाजायला लागतात, हवेतली आर्द्रता तळाला जाते. दिवस मावळला की वारा पडतो. हे प्रत्येक गुराख्याला माहीत आहे. माहीत नसतं ते हे, की आजची दुपार कालच्यासारखीच आहे की कालच्या दुप्पट वाऱ्याची. तेवढंच तर अंदाजाने सांगायचं असतं.

वळवाचं आणखी वेगळं. दुपारनंतर ईशान्येला ढग गच्च होतात, आता पडणार म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण पावसाआधी सोसाटा येतो. ढगातून कोसळणाऱ्या पावसाने गार झालेली हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते आणि पाच-दहा मिनिटांत वाऱ्याची दिशा पालटते. सकाळी पेटवलेल्या बांधावर कुठे धग राहिली असेल तर ती आता भलत्याच बाजूला पळते. कित्येकदा पाऊस शेजारच्या शिवारात पडतो आणि आपल्याकडे नुसतं वादळ येतं. आणि काल वळीव पडून गेला म्हणून आज भीती नाही, हा समज तर साफ खोटा. कुसळीसारखं गवत डिसेंबर-जानेवारीतच वाळून कोळ झालेलं असतं. त्या बारीक काडीत ओल किती राहायची हे भोवतालची हवा ठरवते आणि काडी तासा-दोन तासांत हवेशी जुळवून घेते. संध्याकाळी भिजलेलं गवत दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा काडेपेटीच्या तोंडाशी.

नेमक्या याच दिवसांत शेतकरी रान मोकळं करतो. तुरीची, कापसाची धसकटं वेचून ढीग लावतो, बांधावरचं गवत, उसाचं पाचट, झाडाखालचा पाला. मृग तोंडावर असतो, पाळ्या घालायच्या असतात, मजूर मिळत नाही. मग काडी. पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीत पसरा, हा सल्ला कृषी विभाग वर्षानुवर्षं देतोय आणि तो बरोबर आहे. पण ज्याच्याकडे यंत्र नाही आणि ट्रॅक्टरवाला तासाचे पैसे आधी मागतो, तो काडीच ओढणार. त्याला गुन्हेगार ठरवून लेख लिहायला सोपं जातं. आमच्याकडे जुनी माणसं जाळतच होती, पण जाळण्याची रीत होती. दिवस मावळायची वाट बघायची. बांधालगत आधी नांगराची चार तासं मारून घ्यायची. शेजारच्याला हाक द्यायची. कडुनिंबाच्या हिरव्या फांद्या तोडून हाताशी ठेवायच्या, झोडपून विझवायला. पोराने घाई केली तर म्हातारा खेकसायचा, "वारं पडू दे रे, तुला कुठं आगगाडी धरायचीय?" आता शेत कसणारा बहुतेक वेळा तालुक्याला दुकान किंवा नोकरी करून मोटारसायकलवर येतो. दुपारची सवड असते, पेटवतो, धूर नीट चढला की निघून जातो. रीत मोडली, कारण शेतावर थांबायला माणूस नाही. तिची जागा भरून काढायला अंदाज लागतो.

गंज पेटलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. ज्वारीचा कडबा रचताना वर पेंढ्यांची उतरती करतात, अवकाळी पावसाचं पाणी आत झिरपू नये म्हणून. आग लागल्यावर तीच उतरती बंबाचं पाणीही आत जाऊ देत नाही. वरून ओली, आतून धुमसत. मग दाताळं, काठ्या, जे मिळेल त्याने, जेसीबी सापडला तर जेसीबीने, गंज उसकटून पसरावी लागते. पसरताना वारा असेल तर जळत्या पात्या उडून शेजारच्या गंजीवर जातात. बायका घागरी घेऊन धावतात, पण मे महिन्यात घागर भरायला हौदात पाणी असावं लागतं. नगरपालिकेचा बंब येतो तेव्हा तास-दीड तास उलटलेला असतो, आणि आलेला बंब एका फेरीत रिकामा होतो. लोकांना वाटतं विझलं. दोन दिवसांनी दुपारी वारा सुटला की राखेच्या ढिगातून पुन्हा धूर. तेव्हा मात्र तिकडे कोणी फिरकत नाही.

त्या गंजीत काय असतं? पुढच्या पावसाळ्यापर्यंत बैलजोडीची आणि दोन म्हशींची वैरण. पाऊस लांबला तर ऑगस्टपर्यंतचीही. कडबा गेला की जनावर बाजारात, तेही पडेल भावाने, कारण जून तोंडावर सगळेच विकायला आणतात.

भरपाईचं म्हणाल तर तिथेही गंमत आहे. पीकविम्यात स्थानिक आपत्तीखाली जी आग धरतात ती नैसर्गिक, म्हणजे आकाशातली वीज पडून लागलेली. तारांच्या ठिणगीची त्यात बसत नाही. आणि काढून रचलेला कडबा हे उभं पीक नव्हेच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत आग आहे, राज्याने स्वतःच्या यादीतही आकस्मिक आग घातली आहे, तेव्हा तलाठी येतो, पंचनामा होतो, पंच सह्या करतात. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वीज कंपनीकडे मागायचं तर ठिणगी तारेचीच होती हे सिद्ध करा. तारा उन्हाने तापतात, तापल्या की लांबतात, झोल वाढतो, वाऱ्याने दोन तारा एकमेकींना चिकटतात आणि खाली वितळलेल्या धातूचे थेंब पडतात. हे दहावीच्या विज्ञानातलं आहे. सिद्ध मात्र होत नाही.

उष्णतेच्या लाटेचंही थोडं असंच. सपाट प्रदेशात लाट जाहीर व्हायची तर पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त हवा, नाहीतर थेट ४५ गाठायला हवा. परभणी-नांदेडची मेमधली सरासरीच इतकी चढी आहे की ४३ अंशाला कागदावर लाट नसते. म्हणजे जो प्रदेश कायमच तापलेला आहे त्याला इशारा कमी वेळा मिळणार. अंदाजाचे निकष कुठे बसून ठरतात याचा हा नमुना. आगीच्या धोक्याचे निकष ठरवताना हीच चूक उलट बाजूने होऊ शकते, त्याकडे पुढे येतो.

आता कोणी म्हणेल, वणव्यांचे इशारे तर आहेतच. आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि वनखात्याला संदेश पाठवते. किनवट-माहूरचं जंगल, कन्नडचा गौताळा, येडशीचा रामलिंग घाट यांना त्याचा उपयोग आहे. पण त्यात दोन भोकं आहेत. ज्या उपग्रहांवर ही यंत्रणा प्रामुख्याने चालते त्यांतले बारीक ठिपके टिपणारे आपल्यावरून जातात दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास. गवताची आग पेटते तीनला आणि सहाला विझलेली असते. उपग्रहाच्या लेखी ती लागलीच नाही. दुसरं, संदेश जातो वनहद्दीतल्या आगीचा. मराठवाड्यात वनहद्द मुळातच थोडकी. आमची आग गायरानात, पडीक माळावर, देवस्थानच्या जमिनीत, धरणाच्या मागे सोडलेल्या रानात आणि शेतात. तिला खातंच नाही. एप्रिल २०२५ मध्ये देवगिरी किल्ल्यावरचं वाळलं गवत पेटलं तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं, कारण किल्ला होता. त्याच आठवड्यात साध्या माळांवर काय झालं, याची नोंद कुठे सापडणार?

आणि तारखा ठरवून काम भागत नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्याचा हंगाम. २०२५ च्या मेमध्ये मराठवाड्यात अवकाळीने असा धिंगाणा घातला की जमिनीला वाफसा येईना, मॉन्सून २४ मे रोजीच केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. त्या वर्षी मेअखेर आगीची भीती बाळगणारा वेडा ठरला असता. उलट पाऊस लांबला की हाच हंगाम जूनच्या चौथ्या आठवड्यापर्यंत जातो. कॅलेंडर लटकवून चालत नाही, रोज आकाशाकडे बघावं लागतं.

बघायची साधनं आहेत, हीच तर खरी गोष्ट आहे. महावेध प्रकल्पाखाली राज्यात दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक मंडळात एक. ती पाऊस मोजतात, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशाही मोजतात. आपण त्यांच्याकडे फक्त २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला का, म्हणजे अतिवृष्टीत बसतो का, एवढंच विचारतो. उन्हाळाभर ती यंत्रं वारा मोजत उभी असतात आणि त्या आकड्यांना गिऱ्हाईक नाही. हवामान विभाग तालुका पातळीवर पाच दिवसांचा अंदाज देतो, त्यात वारा आणि आर्द्रता दोन्ही असतात. मे २०२५ पासून सहा किलोमीटरच्या जाळ्यावर चालणारं नवं प्रारूप देशाने वापरात आणलंय. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला काढतं. जिल्ह्याजिल्ह्यात तो पोचवणारी कृषी हवामान केंद्रं २०१८ पासून उभी राहिली होती, देशभरात १९९ होती, ती २०२४ च्या सुरुवातीला बंद करून टाकली. तिथे बसणारी दोन माणसं शेतकऱ्याचा फोन उचलत होती. त्यांचा पगार वाचवून कोणाचं भलं झालं, हे मला अजून कळलेलं नाही.

ऑस्ट्रेलियात हे काम साठ वर्षांपूर्वीच सुरू झालं. मॅकआर्थर नावाच्या अधिकाऱ्याने गवताळ रानासाठी एक फिरती तबकडी बनवली. तापमान, आर्द्रता, वारा आणि गवत किती वाळलंय एवढं लावलं की आगीचा धोका निघायचा. ७ फेब्रुवारी २००९ च्या भीषण वणव्यानंतर त्यांनी सर्वात वरची पायरी वाढवली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून सगळ्या देशाला एकच चार पायऱ्यांची पद्धत लावली. रस्त्याकडेला पाटी असते, आज कुठली पायरी ती दाखवणारी. वरच्या पायरीच्या दिवशी उघड्यावर चूल पेटवली तरी दंड. मी त्यांच्या पाट्या उचलून धारूरच्या घाटात लावा असं म्हणत नाही. त्यांचे निकष जसेच्या तसे आणले तर आमचा अख्खा एप्रिल-मे लाल दिसेल, आणि रोजच लाल असलेला इशारा कोणी बघत नाही. उष्णतेच्या लाटेच्या उलट चूक म्हणतो ती हीच. आमच्याकडे उन्हाळ्यात गवत नेहमीच पूर्ण वाळलेलं, ऊन नेहमीच कडक. बदलतो फक्त वारा, आणि थोडीफार आर्द्रता. म्हणजे आमचं कोष्टक त्यांच्याहून सोपं. एवढ्या वेगाच्या वर आणि एवढ्या आर्द्रतेच्या खाली, तर आजचा दिवस जपायचा. हंगामात असे दिवस मोजकेच निघावेत, या बेताने विद्यापीठाने मंडळवार उंबरठे ठरवावेत.

अशा दिवशी करायचं काय? पहिलं, जाळायचं नाही. कायमची बंदी घातली तर ती कोणी पाळणार नाही आणि तलाठी कोणाकोणाच्या मागे धावणार? पण "आज नको, परवा संध्याकाळी लावा" हे माणूस ऐकतो, कारण त्यात त्याचाच कडबा वाचतो. दवंडीच्या जागी आता मंदिराचा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा आहे, तेवढा पुरे.

दुसरं, शेतातल्या पाण्याच्या मोटारींची वीजवाहिनी त्या दिवशी दुपारी दोन ते पाच बंद. इथे लोक अंगावर येतील, मला कल्पना आहे. शेतीला दिवसा वीज द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडून आता कुठे सौर वाहिन्यांमुळे ती मिळायला लागली, आणि हा बाबा बंद करा म्हणतोय. जालन्याकडचा मोसंबीवाला मेमध्ये एकेक तास पाण्यासाठी झुरत असतो, त्याला तीन तास म्हणजे थट्टा वाटेल. पण दिवसा वीज याचा अर्थच असा, की ज्या वेळी तारा सगळ्यात जास्त तापलेल्या आणि वारा सगळ्यात जोरात, त्याच वेळी त्यांतून जास्तीत जास्त प्रवाह. रात्रीच्या विजेत साप-विंचवाचं भय होतं, ते गेलं हे चांगलंच झालं. त्याच्याबरोबर हे आलंय, तेही मोजायला हवं. तोडलेले तीन तास त्याच दिवशी सकाळी जोडून द्या आणि आदल्या रात्री कळवा. खरा उपाय ताणलेल्या तारा, मधले खांब आणि प्लास्टिकच्या दांड्या लावून तारांतलं अंतर राखणं हाच आहे. तो होईस्तोवर हा.

तिसरं, बंबाची वाट न बघणं. मोसंबी-डाळिंबाच्या पट्ट्यात फवारणीचे एचटीपी पंप आणि शे-दीडशे मीटर नळी बऱ्याच जणांकडे असते. टंचाईत गावोगाव टँकर उभे असतात. अशा दिवशी एक ट्रॅक्टर नांगर लावून, एक टाकी भरून, एक पंप जोडून गावात तयार ठेवायचा, भाडं ग्रामपंचायतीने द्यायचं. पिण्याच्या पाण्याचा टँकर आगीवर ओतायचा का, हा प्रश्न अवघड आहे. ज्या गावाने १५-१५ दिवसांनी नळ बघितलाय, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं बघितलंय, तिथे हे सहज म्हणता येत नाही. म्हणूनच पाण्यापेक्षा नांगराचा पट्टा आधी, आणि म्हणूनच आदल्या दिवशी सांगणं महत्त्वाचं. पेटल्यावर नांगर जोडायला वेळ नसतो.

"आगी माणसं लावतात, हवामान काय करणार," हा आक्षेप नेहमीचा. ठिणगी माणसाची किंवा तारेची असते, मान्य. पण तीच ठिणगी शांत दुपारी एक बांध जाळते आणि वाऱ्याच्या दुपारी तीन गावांचं गायरान. दारू पिऊन गाडी चालवणारा माणूसच असतो, तरी धुक्याचा इशारा आपण देतोच.

आणि अंदाज चुकला तर? वारा सुटेल म्हणून सांगितलं आणि सुटलाच नाही, तर मोटार सकाळी चालली आणि धसकटं एक दिवस उशिरा पेटली, एवढंच नुकसान. पेरणीच्या अंदाजासारखं यात कोणाचं बियाणं मातीत जात नाही. अंदाज न देता वारा सुटला तर काय होतं, याचे पंचनामे प्रत्येक तहसीलमध्ये गठ्ठ्याने पडून आहेत. त्यांवर तारीख आहे, बहुधा वेळ आहे, गट नंबर आहे. शेजारच्या मंडळातल्या केंद्राने त्या तासाला किती वारा आणि किती आर्द्रता नोंदवली, तेही साठवलेलं आहे. भूम, कन्नड आणि किनवट या तीन तालुक्यांचे पंचनामे काढून ते त्या नोंदींशेजारी मांडायचे. उंबरठा त्यातूनच निघेल, आणि हे काम कृषी महाविद्यालयातली दहा पोरं एका उन्हाळी सुट्टीत करतील. तहसीलदाराने गठ्ठे उघडून द्यायला तेवढी सही करावी.